मंगळवारच्या बाई

छत्री मिटून काखेत मारायची, दोन्ही हात पाठीमागे नेऊन बोटांत बोटं अडकवायची आणि कंबरेत वाकून समोरचा माल न्याहाळायचा. माल कसलाही असो. मिरच्यांचा ढीग असो, बैलाच्या शिंगांना लावायच्या शेंब्या असोत, की चालता तेलघाणा असो. दुकानदाराने "घ्या की बाई" म्हटलं की त्या मान वर न करता म्हणायच्या, "थांबा हो, आधी बघू तर द्या."

आमच्या पेठेतल्या मुलींच्या शाळेच्या त्या मुख्य. त्यांना नाव होतं, पण ते शाळेच्या वहीत असायचं. आम्ही सगळ्या त्यांना नुसतं 'बाई' म्हणत असू, आणि पुढे बाजारातले लोकही म्हणू लागले. तुमच्याही गावात असं एखादं माणूस असेल, की 'मास्तर' किंवा 'अण्णा' एवढंच म्हटलं तरी दुसरा कुणी डोळ्यांपुढे येत नाही.

सन पंचवीसच्या आसपासची गोष्ट. मी लग्न होऊन सोलापुरात आले त्याला चार-पाच वर्षं झाली होती. सासरे वकील, नवरा कोर्टात कारकून. घरात धान्य, भाजी, तेल, लुगडी, सगळं पुरुष आणत. आम्हा बायकांना बाजार ठाऊक होता तो पिशवीतून बाहेर निघे तेवढाच. देवळात जाताना टांग्याच्या पडद्याच्या फटीतून थोडा दिसायचा. तोही पुरता बघायच्या आत घोडा पुढे गेलेला असे.

त्या वर्षी बाईंनी शाळेत मुलींच्या आयांसाठी आणि पेठेतल्या सुनांसाठी हळदीकुंकू ठेवलं. स्वतः विधवा, म्हणून कुंकू लावायला त्यांनी एका मोठ्या मुलीला बसवलं आणि आपण दाराशी उभ्या राहून सगळ्यांना आत घेत होत्या. मी गेले ती माझं नवं वांगी रंगाचं, मोहरीच्या फुलासारख्या पिवळ्या काठाचं लुगडं नेसून. ते ह्यांनी दिवाळीला आणलं होतं. "सगळा बाजार पालथा घातला, तेव्हा हा रंग मिळाला," असं ह्यांनी मला सांगितलं होतं, आणि मी ते माहेरी पत्रातसुद्धा कळवलं होतं.

आत जाऊन बसते तो शेजारी काशी बसलेली. काशी म्हणजे आमच्या समोरच्या घरची सून. इतकी अबोल, की तिला आवाज आहे की नाही याची गल्लीत शंका होती. तिच्या अंगावर तेच लुगडं. पलीकडे डॉक्टरीणबाई, तेच लुगडं. एकूण पाचजणी वांगी रंगात आणि मोहरीच्या काठात.

बाई दारातून बघत होत्या. जवळ येऊन त्यांनी अगदी साधेपणाने विचारलं, "हा गणवेश कधी ठरला?"

मग प्रत्येकीने खालच्या आवाजात सांगितलं, की आमच्याकडच्यांनी खास निवडून आणलं. पाचही नवऱ्यांनी सगळा बाजार पालथा घातला होता. बाईंना हसू आवरेना. मग त्या एकदम गंभीर झाल्या आणि म्हणाल्या, "म्हणजे तुमच्यापैकी कुणी बाजार पाहिलेलाच नाही? मुलींनो, मंगळवारी दुपारी तयार राहा. घ्यायचं काही नाही. आधी बघून तर येऊ."

आमच्यात तिशी ओलांडलेल्या तिघी होत्या. तरी त्या आम्हाला 'मुलींनो'च म्हणायच्या.

मंगळवार देवीचा वार. देवीच्या दर्शनाला जातो, असं घरोघर सांगितलं, आणि ते खोटं नव्हतं. दर्शन घेतलं, फक्त जरा घाईने. मग मंगळवार पेठेच्या तोंडाशी बाईंनी आम्हा सातजणींना दोघी-दोघींच्या रांगेत उभं केलं, एक उरली तिला स्वतःबरोबर घेतली, आणि आम्ही बाजारात शिरलो.

लोकांना वाटलं कसली तरी मिरवणूक आहे. एक म्हातारा तर बाजूला होऊन हात जोडून उभा राहिला.

तो पहिला दिवस मला अजून वासाने आठवतो. शेंगदाण्याच्या ताज्या तेलाचा वास, नव्या सुताला मारलेल्या खळीचा, घोंगड्यांचा, कडब्याचा. आणि कानांवर एकाच वेळी चार भाषा. आमची मराठी होतीच; विणकरांच्या बायका तेलुगूत बोलत होत्या, अक्कलकोटकडचे शेतकरी कानडीत, बांगडीवाले त्यांच्या दखनीत. बाईंना मराठीखेरीज त्या तिन्ही भाषा येत होत्या, म्हणजे तिन्हींत त्या सारख्याच चुकत होत्या. त्यांचं तेलुगू ऐकून एक मडकीवाली पदर तोंडाला लावून हसली आणि मग तिने त्यांना नीट शब्द शिकवला. बाईंनी तो तिच्यासमोर पाचदा म्हणून दाखवला. आम्ही सातजणी मागे रांगेत उभ्या.

तेवढ्यात लुगड्यांचं ते दुकान लागलं. फळीवर आमच्या वांगी रंगाचा सबंध गठ्ठा. दुकानदाराने पाच ओळखीची लुगडी एकदम दारात पाहिली आणि तो उठून उभाच राहिला. बिचाऱ्याला वाटलं, परत करायला आल्या.

बाईंनी वाकून गठ्ठा न्याहाळला आणि विचारलं, की हा रंग लोक फार निवडून नेतात का? तो मोकळा माणूस होता. म्हणाला, "निवडतंय कोण बाई? दारातनंच सांगत्यात, एक बांधून द्या. मग वरचं असंल ते देतो आमी." मग मी कुणाच्या घरची ते बाईंनी सांगितल्यावर माझ्याकडे बघून म्हणाला, "वकिलांचे चिरंजीव तर टांग्यातनं उतरलेबी न्हाईत."

घरी येऊन मी ह्यांना काहीच बोलले नाही. पण पुढे एकदा ह्यांनी खण आणला, तेव्हा मी सहज विचारलं, "फार पायपीट झाली असेल नाही?" त्यानंतर ह्यांनी माझ्यासाठी कापड आणणं बंद केलं.

मग दर मंगळवारी आमचं जाणं सुरू झालं. महिन्याभरात आम्हाला कळलं, की बाईंना बघण्याची जितकी हौस तितकीच घेण्याची अक्कल कमी. कारागीर आपलं काम समजावून सांगू लागला की त्या विरघळायच्या, आणि त्याने सांगितलेली किंमत देऊन मोकळ्या व्हायच्या. भाव करणं त्यांना जमायचं नाही. म्हणायच्या, "अगं, त्याने एवढं समजावून सांगितलं, आता कमी कर कसं म्हणू?" एकदा एका माणसाने घुंगुरमाळ कशी ओवतात ते दाखवलं, तर बाई बैलाची घुंगुरमाळ घेऊन घरी आल्या. घरी त्यांची म्हातारी आई. ती म्हणाली, "आणि बैल?" बाई म्हणाल्या, "बैल नाही गं, पण आवाज ऐक किती छान आहे."

ती माळ त्यांनी शाळेत घंटेच्या जागी लावली. पुढे कित्येक वर्षं आमच्या पेठेत मधली सुट्टी झाली की बैलगाडी आल्यासारखं वाटे.

भाव करण्याचं काम शेवटी कुणी उचललं असेल? काशीने. तिसऱ्या की चौथ्या मंगळवारी बाई एका पितळी तपेल्याला बोटही न लावता मनापासून मोहात पडल्या होत्या आणि पैसे काढतच होत्या, तेवढ्यात मागून एक खणखणीत आवाज आला, "ठेवा ते. बुडाला पोचा आहे." आम्ही सगळ्यांनी मागे वळून पाहिलं. काशी. पुढची पाव घटका ती त्या भांडेवाल्याशी बोलत होती, आणि आयुष्यभर साठवलेलं सगळं बोलणं तिने त्याच्यावर रिकामं केलं. शेवटी तो हात जोडून म्हणाला, "अक्का, घेऊन जा, पन बास करा." बाईंचे डोळे भरून आले होते. तपेलं स्वस्त मिळालं म्हणून नव्हे. त्या परत येताना मला म्हणाल्या, "चार वर्षं ही माझ्या शाळेत होती गं. एकदा हात वर केला नाही हिने."

एक जागा मात्र अशी होती, की तिथे बाई आत येत नसत. बांगड्यांचं दुकान. आम्ही आत बसून हात पुढे करायचो आणि त्या बाहेर छत्री उघडून उन्हात उभ्या राहून रंग सांगायच्या. "तिला तो पिवळा दाखवा. हिला हिरवा नको, हात सावळा आहे." रंग त्यांचे कधी चुकत नसत. बांगडीवाला म्हातारा होता. दोन-चारदा त्याने हे पाहिलं. मग एका मंगळवारी त्याने आतला बसायचा वेताचा मोडा उचलून दुकानाच्या पायरीवर सावलीत आणून ठेवला आणि म्हणाला, "बाई, धूप में कायकू खडे? बैठो." बाई बसल्या. पुढे तो मोडा दर मंगळवारी तिथेच असे.

असं सहा-सात महिने चाललं, आणि मग शाळेच्या कमिटीकडे तक्रार गेली. कुलीन घरच्या सुवासिनींना एक विधवा बाई भर बाजारात फिरवते, आणि मुलींना वळण लावायचं सोडून आयांचं वळण मोडते, असा एकूण मजकूर. तक्रार कुणी केली ते कळलं नाही. पण माझे सासरे, आम्ही त्यांना मामंजी म्हणत असू, त्या कमिटीवर होते. त्यांनी जेवताना एवढंच सांगितलं, की रविवारी सभा आहे, बाईंना काढण्याचा विषय आहे, आणि तोवर या घरातली सून बाजारात दिसता कामा नये.

मी त्या दुपारी बाईंच्या घरी गेले. त्या वह्या तपासत बसल्या होत्या. एरवी मला बघताच काहीतरी नवीन पाहिलेलं सांगायला लागायच्या. त्या दिवशी तांबड्या शाईची लेखणी हातात तशीच धरून म्हणाल्या, "मला दोनच गोष्टी येतात. शिकवायला येतं आणि बघायला येतं. बघण्याचा पगार कुणी देत नाही गं." आत त्यांची आई खोकत होती. मी वह्या एकेक त्यांच्यापुढे सरकवत बसले आणि दिवेलागणीला परत आले.

घरी सासूबाई वाती वळत होत्या. माझा चेहरा पाहून त्यांनी सगळं विचारून घेतलं. सासूबाई पन्नाशीच्या, कडक. मी बाजारात जाते हे त्यांना आवडत नसे, पण देवीचं नाव मध्ये असल्यामुळे त्या गप्प होत्या. सगळं ऐकून त्या म्हणाल्या, "रविवारी हे निकाल देणार. मग कुणीतरी आधी जाऊन पाहायला नको का, तिथं काय चालतं ते? मंगळवारी मी जाते. सून बाजारात दिसायची नाही ना? तू माझ्या मागे राहा. तू दिसणार नाहीस." त्यांच्या बांध्यामुळे ते खरंही होतं.

सासूबाई तपासणीला आल्या त्या तोंड मिटून. बाईंना त्यांनी ओळख दिली नाही. पहिल्या चार दुकानांपुढे त्या नाक वर करून चालल्या. पाचवं सुपं-रोवळ्यांचं होतं. टोपल्या विणणारी एक बाई कामटी सोलत बसली होती. सासूबाई थांबल्या. त्यांनी एक सूप उचललं, हवेत दोनदा पाखडून पाहिलं आणि खाली ठेवलं. दुसरं उचललं. मग खाली बसल्या. मग त्या दोघींचं असं काही जमलं, की सूप कसं असावं, कामटी कुठली घ्यावी, आजकालच्या सुपांना कणा कसा नसतो, यावर अर्धा तास गेला. त्या बाईने काहीतरी म्हटलं आणि सासूबाई मोठ्याने हसल्या. मी त्या घरात पाच वर्षं होते. त्यांचं हसणं मी ऐकलं नव्हतं.

आणखी एकानेही ते ऐकलं होतं, हे मला पुष्कळ वर्षांनी कळलं. मामंजी त्या दिवशी कोर्टातून लवकर निघाले होते आणि त्यांचा टांगा कडब्याच्या गाड्यांमागे अडकला होता. त्यांनी गाड्यांच्या फटीतून आपली बायको रस्त्यात उकिडवी बसून हसताना पाहिली. टांगेवाला हाक मारणार होता. मामंजींनी त्याचा दंड धरून त्याला गप्प बसवलं आणि टांगा मागे वळवायला लावला. म्हातारपणी हे सांगताना ते म्हणाले, "तीस वर्षं मीच सुपं आणली घरात. एकाही सुपाला ती हसली नव्हती."

पण तेव्हा आम्हाला यातलं काही माहीत नव्हतं. रविवारी सभा झाली. मामंजी आले, पगडी खुंटीला लावली, हातपाय धुतले आणि पाटावर बसले. बातमी अशी, की बाईंना काढलं नाही, पण त्यांच्याकडून लेखी घेतलं. गल्लीतल्या स्त्रियांना त्या यापुढे बाजारात नेणार नाहीत. लेखाचा मसुदा खुद्द मामंजींनी केला होता. बाईंनी सही केली.

सासूबाईंनी भात वाढला तो ताटात आपटून. मग म्हणाल्या, "शोभलं हो तुम्हाला. एका बाईचा एवढासा आनंद काढून घेतलात. सगळ्याच बायकांचा घेतलात."

मामंजी भातावर वरण येण्याची वाट बघत थांबले. ते आलं नाही. मग ते शांतपणे म्हणाले, "मी वकील आहे. मी काय लिहिलंय ते नीट वाचायला सांग त्यांना. त्यांनी कुणाला नेऊ नये, असं लिहिलंय. त्यांनी स्वतः जाऊ नये, असं लिहिलेलं नाही. त्याच वेळी त्याच रस्त्याने दुसरं कुणी जाऊ नये, असंही लिहिलेलं नाही. आता वरण वाढ."

सासूबाईंनी वरण वाढलं. त्यावर तूपही वाढलं, आणि ते थांबवायला मामंजींना ताटावर हात धरावा लागला.

बाईंना निरोप सांगायची गरजच पडली नाही. मंगळवारी आम्ही पेठेच्या तोंडाशी पोचलो तर दहा पावलं पुढे बाई एकट्या, छत्री उघडून उभ्या. आम्ही आल्याचं कळल्यावर त्यांनी मागे वळूनसुद्धा पाहिलं नाही, आणि चालू लागल्या. आम्ही चालू लागलो. त्या थांबल्या की आम्ही थांबायचो. त्या छत्री मिटून वाकायच्या, बघायच्या आणि पुढे जायच्या. मग आम्ही त्या जागी जाऊन वाकायचो. एखादी गोष्ट आम्ही नीट बघावी असं वाटलं तर त्या दुकानदाराला मोठ्याने प्रश्न विचारायच्या, जणू तो बहिरा आहे. "हा रंग डाळिंबाच्या सालीचा आहे, असंच म्हणालात ना तुम्ही?" बाजारातल्या लोकांनाही लवकरच हे सगळं कळलं. ते बाईंना उत्तर द्यायचे ते आमच्याकडे तोंड करून.

कमिटीतले एक गृहस्थ एकदा बाजारात समोरासमोर आले. त्यांनी आधी बाईंकडे पाहिलं, मग आमच्याकडे पाहिलं आणि कपाळाला आठ्या घातल्या. बाई त्यांना म्हणाल्या, "मी माझी चाललेय. मागे कोण आहे मला काय माहीत?" सासूबाई मागून म्हणाल्या, "आणि पुढं कोण आहे ते आम्हाला दिसत नाही, ऊन फार आहे." त्यानंतर त्या गृहस्थांनी मंगळवारी तो रस्ता सोडला.

असं नऊ वर्षं चाललं. तुम्ही म्हणाल, एवढ्या वर्षांत तो कागद कुणाच्या लक्षात तरी राहिला असेल का? नसेल. कमिटी बदलली, तक्रार करणारेही बहुतेक विसरले. पण बाईंनी सही केली होती. बाजारात त्या कधी मागे वळल्या नाहीत. शाळेत, देवळात, आमच्या ओसरीवर त्या तासन्‌तास बोलायच्या. मंगळवारी मात्र आम्हाला दिसायची ती त्यांची पाठ आणि पाठीमागे गुंफलेले हात.

आठव्या वर्षी त्यांची आई गेली. वर्षभराने कर्नाटकातल्या एका लहानशा गावी मुलींची नवी शाळा निघाली, तिकडून त्यांना बोलावणं आलं. त्यांनी इथल्या नोकरीचा राजीनामा दिला. निघायच्या आधी एक मंगळवार मिळाला. त्या दिवशीही त्या सवयीने पुढेच चालत होत्या. घोंगड्यांपाशी थांबल्या, वाकल्या, बराच वेळ बघत राहिल्या. मग त्या सरळ झाल्या आणि वळल्या. बाजारात त्यांचा चेहरा आम्ही नऊ वर्षांनी पाहत होतो. तो आता म्हातारा दिसत होता.

त्या म्हणाल्या, "तिकडे पाऊस फार असतो म्हणे. हे घेऊ का गं?"

आम्ही सगळ्या एकदम पुढे धावलो. काशीने घोंगडं ओढून घेतलं, सासूबाईंनी त्याची लोकर नाकाशी नेली, डॉक्टरीणबाईंनी दोन टोकं धरून ते ताणलं. घोंगडीवाला धनगर या आठजणींमध्ये पार दिसेनासा झाला. ते घोंगडं चांगलं नव्हतं म्हणून दुसरं काढायला लावलं, मग तिसरं. बाई बाजूला उभ्या राहून आमच्याकडे बघत होत्या. त्यांना काहीच करायचं उरलं नव्हतं.

दोन दिवसांनी त्या गेल्या. आम्ही स्टेशनवर पोचवायला गेलो. बायकांच्या डब्यात खिडकीशी त्या घोंगडं मांडीवर घेऊन बसल्या. गाडी हलल्यावर काहीतरी म्हणाल्या ते शिट्टीत ऐकू आलं नाही. त्या परत सोलापुरात आल्या नाहीत.

पुढच्या मंगळवारी आम्ही गेलो. मडकीवालीने मान वर करून आमच्या पुढे पाहिलं, मग मागे पाहिलं. एव्हाना तिला मराठी चांगलं येत होतं. "बाई कुटं?" म्हणून तिने विचारलं. आम्ही गावाचं नाव सांगितलं, शाळेचं सांगितलं. तिने सगळं ऐकून घेतलं, हातातल्या मडक्यावर टिचकी मारून आवाज ऐकला आणि ते बाजूला ठेवलं.

"मग तितला बाजार कंच्या वारी असतो?" तिने विचारलं.

आम्ही एकमेकींकडे पाहिलं. गाडीची वेळ, मधलं स्टेशन, पत्ता, सगळं आम्ही विचारून घेतलं होतं. हे मात्र कुणीच विचारलं नव्हतं.